चाकरीची तार

सर्व्हिस म्हणजे चाकरी, हे मी पास्कूला सांगितलं, आणि तेही विचारल्याबरोबर, डोकं न खाजवता. आमच्या कल्याणच्या शाळेत डोकं खाजवणाऱ्याला छडी बसायची. उत्तर चुकलं तरी चालेल, पण झटकन आलं पाहिजे, ही सवय मला तिथली. मॅट्रिकला मी याच सवयीने नापास झालो, आणि याच सवयीने दौलतशेटच्या लाकडाच्या वखारीत मला इंग्रजी जाणणारा कारकून म्हणून जागा मिळाली.

वखार खाडीच्या काठाला. तिथे त्या दिवशी मुंबईहून तारेची दोन रिळं येऊन पडली होती. मोठ्या रिळावरची तार करंगळीएवढी जाड, वरून रबर आणि सुताचं वेष्टण. लहानावरची सुतळीसारखी बारीक, तिच्यावर गटापर्चाचं, म्हणजे झाडाच्या वाळवलेल्या चिकाचं, काळं, गुळगुळीत साल. दोन्ही रिळांना एकेक फळी ठोकलेली आणि फळीवर इंग्रजी अक्षरं. पास्कू मिस्त्रीने मला फळ्यांपुढे उभं केलं.

"वाच बगू, गोयंदा."

मी वाचलं. "मोठ्यावर लिहिलंय हाऊस सर्व्हिस. हाऊस म्हणजे घर, सर्व्हिस म्हणजे चाकरी. घरचे नोकरचाकर. ही तार नोकरांच्या चाळीची. आणि लहानावर आहे लॅम्प ब्रँच, दिव्यांच्या फांद्या. म्हणजे ही बंगल्याची. दिवे तिथेच तर लागणार."

पास्कूने जाड तार बोटांत फिरवून पाहिली. "चाकरांना येवडी जाड?"

"चाकरांना सगळं जाडच असतं," मी म्हणालो. "भाकर जाड, कांबळं जाड, तांदूळ जाड. बारीक ते मालकाचं."

हे बोलून मी स्वतःवरच खूष झालो. पास्कूही हसला, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत कुठल्याही बऱ्या घरात जा, बारीक तांदूळ माजघरात शिजतो आणि जाडा मागच्या दारी. मग तारेनेच वेगळं का वागावं?

"बरोबर," पास्कू म्हणाला. "पास."

त्याचं हे 'पास' जरा समजावून सांगायला हवं, नाहीतर पास्कू कोण ते कळायचं नाही.

पास्कू परेर कोपरीचा. ठाण्याच्या स्टेशनामागे जी भातखाचरं आणि खाडी आहे, तिथल्या किरिस्तावांपैकी. बापाचं एक खाचर, एक जाळं, आणि हे दोन्ही थोरल्या भावाकडे गेल्यावर पास्कूच्या वाट्याला रेल्वे आली. रुळांच्या कडेने ज्या तारायंत्राच्या तारा जातात, त्या ताणणाऱ्या टोळीत तो लहान वयातच लागला. खडवलीच्या पुढे एका खांबावरून पडला, तेव्हापासून डावा पाय जरा ओढत चालतो. लोक विचारायचे, कसा पडलास रे? तो सांगायचा, "वरून." पुढे मुंबईत एका कापडाच्या गिरणीत विजेचे दिवे आले, तेव्हा एका गोऱ्या फिटरच्या हाताखाली त्याने दिव्यांच्या तारा ओढल्या. तिथून परत आला तो मिस्त्री होऊन. कोपरीत त्याला 'वीजवाला' म्हणत, आणि त्याची बायको मॅग्डलीन मासळी विकता विकता गिऱ्हाइकाला सांगे, "आमचा घो विंग्रजी वाचते. सायबाचा कागद सायबाच्या आदी वाचते."

त्याची कामाची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. तार ओढून झाली, वीज सोडली, की तो तारेच्या सालीवर तळहात ठेवायचा आणि मनातल्या मनात आवे मारिया म्हणायचा. प्रार्थना पुरी होईपर्यंत हात ठेवता आला, तर तार बरी. मधेच हात उचलावा लागला, तर तारेवर तिच्या ताकदीबाहेर बोजा पडलाय, ती तापतेय. मी एकदा शुभं करोति म्हणून करून पाहिलं. पास्कू म्हणाला, "तुजी प्रार्थना लांब हाय. तवर हात शिजेल."

आणि त्याची दुसरी रीत म्हणजे माझी परीक्षा घ्यायची. कसलाही इंग्रजी कागद आला की तो घेऊन माझ्या मेजापाशी यायचा, स्टुलावर पाय सैल सोडून बसायचा, आणि म्हणायचा, "बगू तुजं विंग्रजी कवडं हाय ते." मी वाचायचो, मराठीत सांगायचो, तो मान तिरकी करून ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "बरोबर. पास." कधीमधी, "हं, जरा अडखळलास, पन पास." मला आयुष्यात पास करणारा हा पहिला परीक्षक. त्याच्यापुढे वाचायला मला आवडायचं. तो स्वतः का वाचत नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मास्तर कुठे स्वतः धडा वाचून दाखवतात?

आता दौलतशेट. लाकूड कापायची वाफेची गिरणी त्यांनी वखारीतच बसवली होती, आणि त्याच इंजिनावर संध्याकाळी डायनामो फिरवून शेजारच्या नव्या बंगल्यात विजेचे दिवे लावायचे, अशी त्यांची हौस. अक्षयतृतीयेला बंगल्याची वास्तुशांत, मामलेदार जेवायला. "माझ्या नोकरांच्या चाळीतसुद्धा वीज आहे" असं मामलेदारांना सहज, पान खाता खाता सांगायचं, म्हणून चाळीलाही चार दिवे. मुंबईच्या कंपनीचा फिटर डायनामो बसवून गेला आणि तारांचं काम सुरू व्हायच्या आत तापाने आजारी पडला. त्याने मागे एक छापील कागद ठेवला. दौलतशेटने पास्कूला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, मी तिथेच होतो:

"हे बघ, मला असा मिस्त्री हवा जो कंपनीचा कागद स्वतः वाचेल. काम नीट झालं तर कायमचा ठेवतो. चाळीतली कोपऱ्याची खोली तुझी, बायकोला घेऊन ये. वाचता येतं ना?"

"गिरणीत मीच वाचायचो," पास्कू म्हणाला.

त्या खोलीला पुढे ओसरी होती आणि मागे खाडी. मॅग्डलीनने ती बाहेरून दोनदा पाहून घेतली होती आणि ओसरीवर सुकट कुठे घालायची हेही ठरवलं होतं. दिराच्या घरात एका चुलीवर दोन संसार करून ती कंटाळली होती. कोपरीत सगळ्यांना सांगून झालं होतं की पास्कू आता कल्याणला कायमचा मिस्त्री. तेव्हा पास्कूचं काय टांगणीला लागलं होतं ते मला चांगलं माहीत होतं.

कंपनीच्या कागदात काय होतं ते मी त्याला वाचून दाखवलं होतं, अर्थात परीक्षा म्हणून. तांब्याची तार जितकी जाड, तितकी जास्त वीज तिच्यातून सुखाने जाते. बारीक तारेतून जास्त लोटली की तार तापते, आणि तिचं साल मऊ होतं. बारीक तारेला सहा दिवे, त्याहून जास्त नाही. खाली लहान अक्षरात आणखी होतं की हे सगळं साठ अंश फॅरनहाइटच्या हवेतलं आहे, हवा शंभरावर गेली तर बोजा आणखी कमी करावा, आणि गटापर्चा तर उष्ण जागी वापरूच नये. हे लहान अक्षरातलं मी गाळलं. साठ अंशांची हवा म्हणजे आमच्याकडे पौषातली पहाट. जिथले लोक उन्हाळ्यातही लोकरीचे कोट घालतात त्यांनी स्वतःसाठी लिहिलेलं असणार, असा मी विचार केला. आणि अक्षर फार बारीक होतं.

सहा दिव्यांचा नियम मात्र आम्ही पाळला. बंगल्यातली एकेक खोली मोजली, कुठेही सहाच्या वर दिवे नव्हते. फक्त गिरणीपासून बंगल्यापर्यंत जी एकच तार आणली, तिच्यातून सगळ्या खोल्यांची वीज एकदम येणार, हे मोजायचं राहिलं. गावभर घरोघरी तांब्याभर पाणी लागतं म्हणून तळ्याचा पाट तांब्याच्या तोंडाएवढा काढावा, तसं आम्ही केलं. ती तार होती गटापर्चाची, बारीक. आणि चाळीच्या चार दिव्यांना आम्ही करंगळीएवढी तार नेली.

कामाची चाचणी झाली ती भल्या सकाळी, आणि दौलतशेटने दिव्यांचे काचेचे फुगे महाग म्हणून फक्त पडवीतलेच लावू दिले. पास्कूने तारेवर हात ठेवला. आवे मारिया पुरी झाली. त्याने आणखी एक म्हटली, तीही झाली.

अक्षयतृतीयेचा दिवस असा तापला की पंगतीसाठी सारवलेलं अंगण दुपारीच भेगाळलं. संध्याकाळी मामलेदार आले, पागोटं, उपरणं, सोबत दोन कारकून. पडवीत गालिचा, त्यावर तक्के, आणि वर आढ्याच्या कडेने आमची बारीक तार. दौलतशेटने गिरणीकडे माणूस पिटाळला. इंजिनावरच्या भिवाने डायनामोचा पट्टा चढवला. सगळ्या बंगल्यातले दिवे एकदम लागले.

लागले म्हणजे, दिसले. प्रत्येक फुग्यात विझत आलेल्या विडीसारखा एक लाल धागा. मामलेदारांनी मान वर केली आणि विचारलं, "पेटतोय का हळूहळू?"

तेवढ्यात चाळीकडून लख्ख पांढरा उजेड आला. तिथले चार दिवे असे लागले होते की अंगणातलं खत, बादल्या, दोरीवरची लुगडी, सगळं दुपारसारखं दिसायला लागलं. हौसाबाई, जी बंगल्यात भांडी घासते, ती दारात येऊन डोळ्यांवर पदर धरून ओरडली, "अगं बया, कुणीतरी ह्याच्यावर टोपली टाका, पोरं झोपायची कशी?"

"ते काय आहे?" मामलेदारांनी विचारलं.

"नोकरांची चाळ," दौलतशेट म्हणाले. हे वाक्य त्यांनी पान खाता खाता सांगायचं ठरवलं होतं, त्या सुरात ते निघालं नाही. मग गड्याच्या कानात म्हणाले, "भिव्याला सांग, इंजिन पळव."

भिवाने पळवलं. फुग्यांतले धागे जरा पिवळे झाले, लोक "हां, आता" म्हणाले, आणि चाळीत एक फुगा फट्‌कन फुटला. मला पडवीत कसलासा वास आला, कढईत विसरलेल्या डिंकासारखा. पास्कू खांबाला टेकून उभा होता. त्याचं नाक वर झालं. तो पाय ओढत गालिच्यावरूनच आला, लोकांच्या मांड्या ओलांडून, आणि हात वर करून त्याने तारेवर तळहात ठेवला.

"आवे मा..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

त्याच क्षणी सालीचा एक काळा थेंब ओघळून मामलेदारांच्या पागोट्यावर पडला. मागोमाग आढ्याला लावलेल्या आंब्याच्या पानांच्या तोरणातून धूर निघाला. पास्कूने हात काढला नाही. त्याने तार मुठीत धरली आणि खाली खेचली, खिळ्यांसकट, सगळ्या पडवीभर, आणि शेवटी ती तटकन तुटली. अंधार झाला. अंधारात कुणीतरी म्हणालं, "मामलेदारसाहेब, तुम्ही आहात ना?"

पुढे जे झालं ते दौलतशेट मरेपर्यंत विसरतील असं वाटत नाही. समया आणि कंदील शोधण्यात फार वेळ चालला होता, स्वैपाक निवत होता, आणि चाळीत तीन दिवे अजून लख्ख जळत होते. शेवटी पाट-पानं उचलून पंगत चाळीच्या अंगणात मांडली. मामलेदार हौसाबाईच्या दारासमोर बसून आमरस जेवले. निघताना म्हणाले, "तुमचे नोकर फार सुखात आहेत, शेटजी."

पंगत चालली होती तेव्हा मी पास्कूला गिरणीच्या मागे नेलं आणि त्याच्या तळहातावर खोबरेल ओतलं. गटापर्चा कातडीला चिकटून बसलं होतं. तो हाताकडे बघत नव्हता.

"गोयंदा," तो म्हणाला, "त्या फलीवर खराच चाकर लिवलाय का रे?"

त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की इतके दिवस परीक्षा कुणाची चालली होती.

"तुला..."

"नाय येत," पास्कू म्हणाला. "एक अक्षर नाय येत. गिरणीत पन दुसरा वाचायचा. कोनाला बोलू नको. मगदालीनला तर नायच नाय. ती कोपरीभर मिरवते." मग परत, "काय लिवलाय ते सांग ना."

कुणाला बोलणार नाही असं मी वचन दिलं, आणि फळीवरचं उद्या बघून सांगतो म्हणालो. पंगत उठल्यावर मी घरी जाऊन शब्दकोश उघडला. सर्व्हिस म्हणजे चाकरी, ते होतंच. त्याखाली आणखी अर्थ होते, ओळीने, आणि त्यात एक होता पुरवठा. घरपुरवठ्याची तार. लोकांच्या घरात वीज आणून पोचवते ती मुख्य तार.

सकाळी दौलतशेटने आम्हाला दोघांना पडवीत बोलावलं. वर आढ्याला खिळ्यांची भोकं दिसत होती. मोठ्या रिळाची फळी त्यांनी मागवून समोर ठेवली होती. मामलेदारांच्या त्या वाक्याने रात्रभर त्यांना झोप लागलेली दिसत नव्हती.

"जाड तार चाळीला कुणी नेली?"

"मी," पास्कू म्हणाला.

"ह्याच्यावर काय लिहिलंय, वाच."

पास्कू फळीकडे बघत राहिला. मग फडक्याने बांधलेला हात जरा वर करून म्हणाला, "धुरानी डोले चुरचुरतात, शेटजी. कारकून वाचंल."

मी वाचलं, "हाऊस सर्व्हिस."

"म्हणजे काय?"

उत्तर मला येत होतं, आणि उत्तर येत असलं की ते माझ्या तोंडात थांबत नाही. "घराला पुरवठा करणारी मुख्य तार," मी म्हणालो. अगदी झटकन. कालपर्यंत हेच मला माहीत नव्हतं, हा भाग मात्र तोंडातच राहिला.

दौलतशेट पास्कूकडे वळले. "बरोबर आहे का रे?"

पास्कूने माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखी मान तिरकी केली.

"बरोबर," तो म्हणाला.

'पास' तेवढं म्हणाला नाही.

"मग तुला हे वाचता येत होतं आणि तरी तू तार उलटी नेलीस?" दौलतशेटने आवाज चढवला नाही, त्याने जास्त वाईट वाटलं. "बाबा, तुला वाचता येत नसतं तर मी तुला दोष दिला नसता. ज्याने तुला वाचून दाखवलं त्याला धरलं असतं. त्याला हाकलला असता आणि तुला ठेवला असता, कारण हात भाजून तू माझा बंगला वाचवलास. पण वाचता येऊन माणूस असं करतो, त्याला मी घरात कसा ठेवू? आता खरं सांग, वाचलं होतंस की नाही?"

खोली तिथेच होती, चाळीच्या कोपऱ्यात. पडवीतून तिची ओसरी दिसते. पास्कूला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. आम्ही दोघंही त्या फळीकडे बघत होतो.

"वाचलेलं," पास्कू म्हणाला. "लक्ष नव्हतं."

जाण्यापूर्वी त्याने डाव्या हाताने काम करून जाड तार बंगल्याला बांधून दिली. कंपनीचा माणूस नंतर आला, त्याने काम पाहिलं आणि काही बदललं नाही. चाळीची वीज दौलतशेटने तोडली. हौसाबाई म्हणाली, "बरं झालं बाई, डोळा लागला." दिव्याचा फुगा मात्र तिने काढून ठेवला, त्यात आता ती राई भरून ठेवायचं म्हणतेय आणि तोंड कुठून फोडावं ते तिला सुचत नाही. कोपऱ्याची खोली भिवाला मिळाली. मी रोज तिच्यावरून जातो. माझी नोकरी शाबूत आहे. उलट त्या दिवसानंतर दौलतशेट मला मानाने वागवतात, इंग्रजी बरं आहे म्हणून.

पास्कूने मला वाचवलं असं मी काही दिवस समजत होतो, आणि ते समजून मला जरा बरं वाटायचं. मग लक्षात आलं की त्याने मला नव्हे, स्वतःला वाचवलं, कोपरीतल्या त्याच्या नावाला. मी फक्त त्याच्या सावलीत उभा होतो. आणि मी जे बोललो नाही ते त्याला वचन दिलं होतं म्हणून बोललो नाही, हे कारण खरं आहे. सोयीचंही आहे. खरं आणि सोयीचं कारण एकत्र मिळालं की माणसाची जीभ कशी गार पडते, ते मला आता माहीत आहे.

ज्येष्ठात एका रविवारी मी ठाण्याला उतरून कोपरीला गेलो. वाटेतच मला एक तोड सुचली. त्या सकाळी मी असं म्हणू शकलो असतो की शेटजी, पास्कूने बरोबर वाचलं होतं, मीच वाद घालून त्याला चुकवलं. त्याची अब्रू राहिली असती, खोली राहिली असती, माझी नोकरी तेवढी गेली असती. इतकं सोपं. चुकीचं उत्तर मला झटकन येतं, आणि चांगलं खोटं एवढ्या उशिरा.

मॅग्डलीन अंगणात जाळ्याच्या गाठी मारत होती. तिने मला बसायला पाट दिला आणि पुढ्यात केळी ठेवली. "केली सोलून खा रे भाऊ, आमी किरिस्ताव, पन सालीच्या आत बाट नाय लागत." मग मला सांगायला लागली, की घो आणि शेटजींचा विंग्रजीवरून वाद कसा झाला, शेटजींना कागदाचा अर्थ कळेना, घो म्हणाला असल्या अडाण्याची चाकरी नको, आणि निघून आला. "तू होतास ना तितं? तू ऐकलास ना?"

"होतो," मी म्हणालो.

"मी बोललीच. वाचनाऱ्याला मान तुकवता नाय येत." बोलता बोलता तिने आतल्या खोलीकडे, जावेच्या चुलीकडे, पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खोली बरी होती पन."

पास्कू मला खाडीकडे घेऊन गेला. तळहातावरची कातडी गुलाबी, चकचकीत झाली होती. बोटं पुरी मिटत नव्हती. मी त्याला माझी तोड सांगितली, वाटेत सुचलेली.

"मना तवाच सुचलेली," पास्कू म्हणाला. "म्हनूनच तुज्याकडं बगत होतो."

तो खाडीत खडे टाकत राहिला. मग म्हणाला, "चल, परीक्षा घेतो तुजी. ए काढून दाखव बगू. वालूत काढ."

मी वाळूत ए काढला. त्याने बोट त्याच्यावरून फिरवलं, मान तिरकी केली. "पास. आता पुडचा."

असा मी पाऊसभर दर रविवारी कोपरीला गेलो. परीक्षा तोच घेत होता. मॅग्डलीनलाही तसंच सांगितलेलं, की कल्याणचा कारकून कच्चा आहे, घो त्याला तयार करतो. ती मला कीव येऊन जास्त केळी द्यायची. पास्कूची बोटं मिटत नसल्याने अक्षरं वाकडी यायची. आरपर्यंत अक्षरं झाली त्या दिवशी त्याने घरातून एक फळी आणली. मी ओळखली. दौलतशेटकडून निघताना त्याने ती उचलून आणली होती, आणि मॅग्डलीन तिच्यावर मासळी कापायची. त्याने ती उलटी करून खवले झटकले आणि अक्षरांवर बोट ठेवत गेला.

"एच. ओ. हे दोन नाय म्हाईत. ई." मग खालची ओळ. "हा नाय म्हाईत. ई. आर. हा नाय. आय, सी, ई." तो वर आला, परत खाली गेला. "हा सापावानी हाय तो दोनदा आलाय. हाच का आरच्या पुडचा?"

"हाच," मी म्हणालो. "दाखवू?"

"नको," पास्कू म्हणाला. "त्यात तू नापास हायस. अब्यास करून ये, मग."

पुढच्या रविवारच्या आत त्याला तारेच्या टोळीत पुन्हा बोलावणं आलं. खांबावर चढायचं नाही, खाली उभं राहून ताण धरायचा आणि सामानावर लक्ष ठेवायचं. टोळी खडवलीच्या पुढे राहते, तो कोपरीला क्वचित येतो. त्या सापापासून शेवटपर्यंत आठ अक्षरं माझ्याकडे अजून बाकी आहेत.

गेल्या महिन्यात लाकडाच्या कामाने मी कसाऱ्याकडे जात होतो. खडवलीला गाडी थांबली. फलाटाच्या टोकाला पास्कू तारेच्या वेटोळ्यावर बसला होता, पाय सैल सोडून. त्याने मला पाहिलं आणि बसल्या जागेवरून विचारलं,

"गोयंदा, अब्यास झाला का?"

"अजून नाही," मी म्हणालो.

गाडी हलली. त्याने मान तिरकी केलेली मला दिसली, पुढचं ऐकू आलं नाही.